मेलेल्या उंदराचा वास

आमच्या सातपूरच्या घरात दोन वर्षं एक उंदीर मेलेला होता. घरात आम्ही चौघं: मी, मुलगा, सून आणि नात. त्या चौघांत वास मला एकटीलाच यायचा. म्हणून मी समजत होते की या घरात नाक असलेली मी एकटीच उरले आहे.

वास खाली वाकलं की यायचा. सकाळी ओट्याखालचा पिठाचा डबा काढायला वाकले की भपकारा. सरळ उभी राहिले की कमी. आता याचा अर्थ कोणीही काय काढेल? वास ओट्याखाली आहे. मीही तोच काढला.

मी आधी डबे काढले. मग सिलिंडर सरकवला. सुनेला म्हटलं, "इथे काहीतरी मेलंय." ती गुडघ्यांवर बसली, हुंगलं आणि म्हणाली, "मला तर फिनेलचाच वास येतोय, आई." दुसऱ्या दिवशी माळा उतरवला. फ्रिज भिंतीपासून ओढला. नळवाल्याला बोलावून बेसिनखालचा पाइप खोलायला लावला. त्याने पाइप नाकाशी धरला, मग माझ्या नाकाशी धरला.

"मावशी, यात काय नाय."

"तुला सर्दी झालीय का?"

"मला नाय झाली," तो म्हणाला, "तुम्हालाच झालेली दिसतीय."

सर्दी मला होतीच. डावी नाकपुडी कायम चोंदलेली, डावा गाल जड, घशात सारखं काहीतरी उतरत राहायचं. पण ती जुनी होती. गुडघे दुखतात तशी. गल्लीतल्या डॉक्टरने वेळोवेळी गोळ्या दिल्या होत्या, वाफ घ्यायला सांगितलं होतं, नाकात घालायचं औषध दिलं होतं. चार दिवस बरं वाटायचं, की परत तेच. सर्दीचा आणि उंदराचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी चौथी शिकलेली. पण मुलगा डिप्लोमा झालेला, त्याच्याही आलं नाही.

सून अंबडला एका कंपनीत जाते. आठ वाजता घर सोडते. त्याआधी डबे, नातीचं आवरणं, ओटा पुसणं. संध्याकाळी आली की परत ओटा. मी खुर्चीत बसून सांगायची, "कोपऱ्यात पूस. कोपऱ्यात तुझा हात जात नाही." ती पुसायची. मी उठून वाकायची आणि म्हणायची, "आहेच अजून."

एकदा तीही बोलली. मी मिशरी भाजत होते. चाळीस वर्षं मी मिशरी लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजताना धूर होतो. नात खोकायला लागली.

"आई, हे गच्चीवर भाजत जा ना. घरभर वास होतो."

"मेलेला उंदीर चालतो तुला," मी म्हटलं, "माझी मिशरी तेवढी चालत नाही."

तिने खिडकी उघडली आणि नातीला घेऊन बाहेर गेली.

शेजारणीने वेगळाच शोध लावला. दिसत नाही आणि वास येतो, म्हणजे घराण्यात कोणाचं तरी राहिलंय, त्र्यंबकला जाऊन शांत करून घ्या, असं ती म्हणाली. मी तिला म्हटलं, आमचे सगळे मेलेले जेवून-खाऊन मेलेत, कोणाचं काही राहिलेलं नाही. ते खूळ मी घरात शिरू दिलं नाही. पण माझं स्वतःचं खूळ त्याहून वाईट होतं, हे तेव्हा कळलं नाही.

एका रविवारी विहीणबाई पेठहून आल्या. नागलीचं पीठ आणि पिशवीभर रानभाज्या घेऊन आल्या होत्या. बाई चांगली आहे, मोकळी आहे. भाजी निवडायला आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसलो. मी पिशवीवर वाकले आणि भपकारा आला. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या लेकीला ओटा पुसायला नाही शिकवलंत का? दोन वर्षं घाणीत बसून जेवतोय आम्ही."

सून गॅसशी उभी होती. तिने मागे वळून बघितलं नाही. विहीणबाईंनी हातातली काडी खाली ठेवली. "मला तर नाय येत बाई वास," एवढंच म्हणाल्या. जेवून त्या मुक्कामाला राहणार होत्या, त्या चारच्या गाडीनेच गेल्या.

आठ दिवसांनी मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "आई, गंगापूर रोडला एक घर बघितलंय. भाड्याचं. पोरीची शाळा तिकडे आहे, तिची दगदग होते."

शाळा तीन वर्षांपासून तिकडेच होती. मी तसं म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "परीक्षा झाली की जाऊ."

"आणि मी?"

"तू म्हणालीस तर चल."

मी म्हणावं असं त्याने ठेवलं होतं, पण मी येऊ नये असं त्याला वाटतंय, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं. मी म्हटलं, "जा." त्याच आठवड्यात किराणा दुकानातून खोकी आली आणि जिन्याखाली रचली गेली. मी जाता-येता ती मोजायची नाही, पण दिसायची. माणसं जाणार आणि तो वास मागे राहणार, हे मला समजत होतं. मी एकटी त्याच्यासोबत काय करणार होते?

गाल जास्तच दुखायला लागला. खाली वाकलं की डाव्या डोळ्याखाली दगड घरंगळल्यासारखं वाटायचं. तेव्हा मुलाने मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने नाकात एक बारीक दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर माझ्या नाकाचं आतलं दाखवलं. बघण्यासारखं काही नव्हतं. डावीकडे पिवळा पू उतरत होता, उजवीकडे स्वच्छ.

"सायनसमध्ये पू साचलाय," तो म्हणाला. "गालाच्या हाडाच्या आत पोकळी असते, ती भरलीय. पण एकाच बाजूला कशी? आजी, दातांचा काही त्रास?"

"नाही."

"वरच्या डाव्या दाढा?"

"तिथे दाढच नाही."

"मिशरी?"

मुलगा शेजारी बसला होता. मी म्हटलं, "कधीतरी." मुलाने वर पंख्याकडे बघितलं.

मी दाढेबद्दल खोटं बोलले नव्हते. तिथे दाढ नव्हतीच. नसलेली दाढ काय दुखणार? जे गेलं त्याचा हिशेब डॉक्टरला कशाला द्यायचा, असं माझं म्हणणं.

त्याने तीन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, नाकात मारायचा फवारा दिला आणि मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायला बाटली दिली. बेसिनवर वाकायचं, एका नाकपुडीत पाणी सोडायचं, दुसरीतून बाहेर येतं. पहिल्या दिवशी मी बुडाले असं वाटलं. पण आठ दिवसांत वास कमी झाला. वास कमी झाला म्हणून मी गोळ्या थांबवल्या. राहिलेल्या गोळ्या पानाच्या डब्यात ठेवल्या, घरात कोणाला सर्दी झाली तर होतील. सुनेला म्हटलं, "काढलास वाटतं उंदीर."

महिन्याभरात उंदीर परत आला.

दुसऱ्या खेपेला मुलाला सुट्टी मिळाली नाही. सून आली. रिक्षात आम्ही दोघी दोन टोकांना बसलो होतो. मध्ये माझी फाइल. डॉक्टरने परत दुर्बीण घातली, परत पू. गोळ्या पूर्ण घेतल्या का, विचारलं. मी हो म्हणणार तेवढ्यात सून म्हणाली, "अर्ध्या उरल्यात. डब्यात आहेत."

मग ती म्हणाली, "आणि डॉक्टर, यांच्या नाकातून चहा येतो."

मला ब्रह्मांड आठवलं. ती गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. एकदा लग्नात चार बायकांत चहा घेताना डाव्या नाकातून आला होता, पोरं हसली होती. तेव्हापासून मी मान उजवीकडे कलती करून प्यायची. वय झालं की काय काय गळतं, त्यातलंच हे एक, असं मी धरलं होतं.

"लय लक्ष ठेवतेस गं," मी म्हटलं.

"ठेवावं लागतं. तुमच्या साड्या मी भिजवते. पदरावर चहाचे डाग कुठे पडतात ते मला दिसतं." मग डॉक्टरकडे बघून म्हणाली, "डावीकडे घासही घेत नाहीत. मान अशी करून पितात." आणि तिने मान कलती करून दाखवली. हुबेहूब मी.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आजी, तोंड उघडा."

त्याने तोंडात बॅटरी मारली. मग चूळ भरायला लावली. एकदा, दोनदा, तीनदा. तीनदाही पाणी काळं आलं. मिशरी. वरच्या डाव्या हिरडीत एक खळगा होता, तिथे मी ती रोज दाबून भरायची. बरं वाटायचं. खळगा साफ झाल्यावर त्याने मला नाक चिमटीत धरायला सांगितलं, तोंड उघडं ठेवायला सांगितलं आणि हळूच नाकाने फुंकायला सांगितलं. फुंकलं तर हिरडीतून फुस्स आवाज आला. सायकलच्या ट्यूबला भोक पडल्यावर येतो तसा.

"ऐकलंत?" डॉक्टर सुनेला म्हणाला.

"ऐकलं."

"इथली दाढ कधी काढली, आजी? कोणी काढली?"

आता सांगणं भागच होतं. दहा-बारा वर्षं झाली असतील. हरसूलला भावाच्या घरी लग्नाला गेले होते. दाढ ठणकत होती आणि त्या दिवशी आठवडे बाजार होता. बाजारात एक माणूस फडकं अंथरून बसायचा, फडक्यावर काढलेल्या दातांचा ढीग आणि एक पक्कड. त्याने डोकं गुडघ्यात धरलं आणि ओढलं. कट् असा आवाज झाला. तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाला, "निघाली बघ." मी रक्त थुंकलं, भोकात मिशरी भरली आणि लग्नात पुरणपोळ्या लाटायला बसले. दुखणं थांबलं होतं. त्यानंतर त्या दाढेची आठवण ठेवायचं मला काही कारण नव्हतं.

"निघाली नव्हती," डॉक्टर म्हणाला. "मोडली होती."

मग मशीनमध्ये झोपवून फोटो काढले. सी.टी. स्कॅन. त्या चित्रात माझं डोकं कापलेल्या कोबीसारखं दिसत होतं. डॉक्टरने बोट ठेवून दाखवलं. हवा काळी दिसते. उजव्या गालातली पोकळी काळी होती. डावी करडी, काठोकाठ भरलेली, आणि तिच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा ठिपका. ते दाढेचं मूळ. ओढताना मोडलं आणि वर सरकून पोकळीत गेलं. खाली भोक राहिलं. त्या भोकातून चहा गेला, अन्न गेलं, मिशरी गेली आणि आत सडत बसली.

"घाण वास यायचा का तुम्हाला?" त्याने विचारलं. "खाली वाकल्यावर? आतला पू हलला की येतो."

सून पुढे सरकून बसली.

"डॉक्टर, तो वास आम्हाला येतो का? घरातल्या बाकीच्यांना?"

"नाही, सहसा नाही. ज्याचं नाक त्यालाच."

"आणि हे किती दिवसांचं असेल?"

"बरीच वर्षं."

"दोन वर्षं तरी?"

"दोन तर नक्कीच."

ती मागे टेकून बसली. तिला तेवढंच हवं होतं. ऑपरेशन कधी, किती दिवस राहायचं, ते सगळं तिने नंतर विचारलं.

घरी आल्यावर तिने चहा ठेवला. मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. मला वाईट वाटलं असं लिहिता येईल, पण खरं म्हणजे मला थकायला झालं होतं. दोन वर्षं एखाद्या माणसाशी भांडायचं आणि मग कळायचं की भांडण आपल्याच गालात होतं.

"उंदीर माझ्यातच मेला होता," मी म्हटलं.

"हं."

"ओटा स्वच्छ होता."

"दिवसातून चार वेळा पुसत होते मी, आई. कामावरून आल्यावर चप्पल काढायच्या आधी पुसत होते." तिने कपात चहा गाळला. "मला नका सांगू. माझ्या आईला फोन करून सांगा. तिच्यासमोर बोलला होतात."

तिनेच फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून विहीणबाई मोठ्याने बोलायला लागल्या. पेठकडची माणसं फोनवर डोंगरापलीकडे हाक मारल्यासारखी बोलतात.

"काय हो विहीणबाई, सापडला का उंदीर?"

"सापडला."

"कुठं?"

"माझ्या नाकात."

"काय बाई बोलता!"

मी सगळं सांगितलं. दाढ, पक्कड, मिशरी, पू. मधे मधे त्या "अगं माय" म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग माझ्या लेकीचा ओटा?"

"चकचकीत आहे."

"थांबा, थांबा. फोन मोठा करते. ह्यांना पण ऐकू द्या. हं, आता बोला."

मी परत म्हटलं, चकचकीत आहे. पलीकडे व्याही खाकरले. सून पाठ करून कप विसळत होती. बराच वेळ एकच कप विसळत होती.

ऑपरेशन नाकाच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी मिळून केलं. मला काही कळलं नाही, भूल दिली होती. नाकातून दुर्बीण घालून पोकळीचं तोंड मोठं केलं, घाण काढली, मूळ काढलं आणि हिरडीचंच मांस ओढून भोक शिवलं. ते मूळ डॉक्टरने छोट्या डबीत घालून दाखवलं. काळं पडलेलं होतं. मी म्हटलं, टाकून द्या.

मग नियम. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. पातळ खायचं, उजवीकडून. आणि मिशरी बंद, कायमची. बाकी सगळं जमलं. मिशरीने जीव खाल्ला. हात आपोआप कमरेच्या पिशवीकडे जायचा. सुनेने डबी कुठे टाकली ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मुलाने नव्या घरी जायचा दिवस पुढे ढकलला होता. नाक धुवायला कोणीतरी हवं होतं. सून सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर माझ्याशेजारी बेसिनपाशी उभी राहायची. पाणी उकळून गार केलेलं, मीठ मोजून. "वाका. तोंड उघडं ठेवा. गिळू नका." मी वाकायची. वास नव्हता. घाण नाही आणि चांगलाही नाही. उदबत्ती लावली तरी धूर दिसायचा, वास नाही. फोडणी कानाने ऐकायची. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू, न आला तर तोही वयाचा भाग समजा. मी म्हटलं, नाही आला तरी चालेल. ते अर्धं खरं होतं.

सव्वा महिन्याने एका सकाळी ओट्याशी उभी राहिले आणि वास आला. घाण. कुजका.

म्हटलं, परत आला. शिवलेलं उसवलं असणार. जीभ लावून बघितली, हिरडी घट्ट होती. वाकून बघितलं. वाकल्यावर तेवढाच. सरळ उभी राहिले. तेवढाच. एवढ्या महिन्यांत मला एवढं तरी कळलं होतं की आतला असता तर वाकल्यावर वाढला असता. म्हणजे हा बाहेरचा असावा. पण असावा यावर मी परत तोंड उघडणार नव्हते. खोकी अजून जिन्याखाली होती.

तीन दिवस मी गप्प बसले. वास वाढत गेला. जेवताना मी ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसायची. नात म्हणाली, आजी रुसलीय. मी म्हटलं, आजी टीव्ही बघतेय.

चौथ्या दिवशी सून पिठाचा डबा काढायला खाली वाकली आणि ओरडली. डब्याच्या मागे बटाट्यांची पिशवी सरकली होती. पाणी सुटलेलं, काळं, वर चिलटं. तिने नाकाला पदर लावून पिशवी ओढून बाहेर काढली.

"आई! तुम्हाला वास नाही आला?"

"आला ना. तीन दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"माझा आहे की घराचा, ते नक्की ठरत नव्हतं."

ती पिशवी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिथेच फरशीवर बसली आणि हसायला लागली. पिशवीतून पाणी गळत होतं आणि ही हसत होती. मध्येच हसणं थांबलं, डोळे पुसले, परत हसली. मी म्हटलं, "आधी ती घाण बाहेर टाक." तर आणखी हसली.

"घराचा होता," ती उठताना म्हणाली. "बटाटे मीच आणले होते. आता वास आला तर सांगत जा. फक्त हळू आवाजात."

गंगापूर रोडच्या घरमालकाला त्यांनी काय कळवलं ते मुलाने मला सांगितलं नाही. परीक्षा होऊन गेली, शाळा परत सुरू झाली. खोकी जिन्याखालीच आहेत. एकात आता कांदे असतात, एकात नातीच्या जुन्या वह्या.

नाक मी अजून धुते. कंटाळा येतो. डॉक्टर कायम धुवा असं म्हणत नाही आणि थांबवा असंही म्हणत नाही. वास निम्मा परत आला. कोथिंबिरीचा येतो, गुलाबाचा येत नाही, त्याचं मला काही नाही. मिशरीची आठवण रोज येते.

सकाळी चपला घालता घालता सून दारातून विचारते, "आज काही वास?"

मी ओट्याशी वाकून बघते. मग सरळ उभी राहून बघते.

"नाही."

ती जाते. संध्याकाळी परत येते.